दीपगृहाच्या धड्याची कॅसेट

१

गुरुवारी संध्याकाळी टिटवी क्लासवरून आली, चपला कोपऱ्यात भिरकावल्या आणि थेट टेबलापाशी गेली. कॅसेटची डबी नेहमीच्या जागी होती. उघडली तर आत काहीच नव्हतं.

तिने टेबल उपसलं, खाट सरकवली, आजीच्या उशाखालीही हात घातला. शुक्रवारी सकाळी ती खालच्या मजल्यावर गेली आणि फौजदारांचं दार वाजवलं.

फौजदार निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण चाळीस घरांच्या त्या इमारतीत त्यांचं नाव फौजदारच राहिलं होतं. बायको गेल्यापासून ते कुकरशी बोलत. शिट्टी झाली की "हो, आलो" म्हणत. दार उघडलं तेव्हाही ते कुकरलाच काहीतरी सुनावत होते.

"काका, चोरी झालीय."

"काय गेलं?"

"आईचा आवाज," टिटवी म्हणाली, आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला आवरेना.

फौजदारांनी गॅस बंद केला. तिला पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

टिटवीला परदेशात शिकायला जायचं होतं. त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागते. कुठल्याही देशातला विद्यार्थी असो, पेपर एकाच मापाचा. त्यात एक भाग नुसता ऐकण्याचा. हॉलमध्ये टेप लावतात, कुणीतरी इंग्रजी उतारा वाचतो, मग प्रश्न विचारतो. टेप एकदाच लावतात. ऐकलं ते ऐकलं, सुटलं ते सुटलं.

टिटवीची आई शाळेत इंग्रजी शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत. तयारीच्या पुस्तकातला एकेक उतारा बाईंनी लेकीसाठी टेप केला होता. एका धड्याला एक कॅसेट. उतारा दोनदा, मग प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी आपल्या भाषेत एखादं वाक्य. आजारी पडल्यावरही त्या थांबल्या नाहीत. दीपगृहाच्या धड्यापर्यंत पोचल्या आणि संपल्या. पुस्तकातले पुढचे धडे तसेच राहिले.

"दीपगृहाचीच कॅसेट गेलीय. तिची शेवटची. मी रोज अभ्यास झाला की तीच लावते."

"परीक्षा कधी?"

"परवा, रविवारी. पण मी बसणार नाही. हॉल तिकीट फळीवर टाकून दिलंय."

"पुढच्या खेपेला बसशील."

"पुढच्या खेपेपर्यंत तिकडचे प्रवेश बंद होतात, काका. आणि कोणी नेली तेही मला माहीत आहे." तिने नाक पुसलं. "आजीने."

२

फौजदार वर गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आजीची खाट, आतल्या खोलीत टिटवीचं टेबल. आजी म्हणजे बाईंची आई. लेकीच्या आजारपणात मदतीला आली आणि लेक गेल्यावर परत गेलीच नाही. दिसत कमी होतं, ऐकू मात्र सगळं यायचं.

टिटवीचे वडील कामावर निघायच्या गडबडीत होते. ते एका छापखान्यात पुस्तकं बांधत. सगळे त्यांना बाइंडर म्हणत. ते चपला घालताना म्हणाले, "फौजदारसाहेब, तुम्हाला कशाला त्रास दिला हिने? घरातच असेल कुठेतरी. जाऊ दे, सापडेल." फौजदारांकडे न बघताच ते जिना उतरून गेले. घसा बसला होता त्यांचा.

"आजी, कॅसेट तुम्ही घेतलीत?" फौजदारांनी सरळच विचारलं.

"घेतली असती तर बरं झालं असतं," आजी म्हणाली. "लेक गेली. आता नात विमानात बसून जायचं म्हणते. मी काय भिंतीशी बोलू?"

"बघितलंत?" टिटवी म्हणाली.

"काय बघितलंत? बोलून दाखवते म्हणून चोर झाले का मी? अगं, ती कॅसेट तू लावायचीस तेव्हा इथे पडल्या पडल्या मीही ऐकायची. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण माझीच पोर बोलत होती ना?"

आजीने पदराने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला.

"मला विचाराल तर त्या क्लासच्या मास्तराला धरा. काल दुपारी आला होता तो."

"सर? आपल्या घरी?" टिटवी ओरडली.

"आतल्या खोलीत होता. दार लावून घेतलं होतं. बराच वेळ इंग्रजीत बडबडत होता. अडत अडत, एकेक शब्द चावत."

"तुम्ही दार उघडलंत त्याला?"

"मी कशाला उघडू? माझा डोळा लागला होता. जागी झाले तर आत माणूस बोलत होता. मग एकदम बोलणं थांबलं. पुष्कळ वेळ काहीच आवाज नाही. आणि मग..." आजी थांबली.

"मग काय?"

"मग तो रडत होता, हो. एवढा मोठा माणूस."

३

फौजदारांनी आतलं टेबल नीट पाहिलं. टेपरेकॉर्डर जागेवर होता, त्याला कोणी हात लावल्यासारखं दिसत नव्हतं. डबीवरच्या कागदावरची अक्षरं हाताळून पुसट झाली होती.

"कॅसेटवर तरी काही लिहिलंय का?"

"होतं. दोन्ही बाजूंचं पुसून गेलं. मला लागतच नाही. कुठली बाजू कुठली ते मला हाताला कळतं. मागची बाजू कोरीच आहे."

"शेवटी लावलीस तेव्हा टेप संपली तिथेच ठेवलीस?"

"नाही. नेहमी पहिल्यापर्यंत गुंडाळून ठेवते. आईची शिस्त."

टेबलाच्या कडेशी फौजदार वाकले. चष्मा कपाळावर चढवला. लाकडाच्या कडेला सेलोटेपचे दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवलेले होते. नखाएवढे. चारी बाजू सरळ, पट्टी लावून कापल्यासारख्या.

"हे तुझे?"

"नाही. मी सेलोटेप दातानेच तोडते." तिने खण उघडून गुंडाळी दाखवली. तिचं टोक मात्र सुरीने कापल्यासारखं सरळ होतं. टिटवी त्याच्याकडे बघतच राहिली.

दुपारी शाळेतून आल्यावर शेजारची मैत्रीण डोकावली. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून सगळे तिला ढापणी म्हणत. तीही याच परीक्षेला बसणार होती.

"मी नाही घेतली हं," ढापणी दारातूनच म्हणाली. "मला माहितीय तुमचा माझ्यावर डोळा आहे. हिला शंभरातले नव्वद पडतात आणि मला साठ, म्हणून मी चोर?"

"कोण म्हणालं तसं?"

"कोणी नाही. पण कथेत नेहमी मैत्रीणच असते."

फौजदारांना हसू आलं. बायको गेल्यापासून असं हसू त्यांना फार कमी वेळा आलं होतं. "बरं, तू चोर नाहीस. पण या आठवड्यात काही विचित्र पाहिलंस का?"

ढापणीने डोकं खाजवलं. "विचित्र असं नाही. हिच्या बाबांनी मला जिन्यात अडवलं होतं. काही इंग्रजी शब्द कसे म्हणायचे ते विचारत होते. राणी माशी, पोळं, असले. म्हटलं, काकांना हे काय सुचलं? मधमाश्यांच्या धड्यातले शब्द आहेत ते. दीपगृहाच्या पुढचा धडा."

"तो धडा आईच्या कुठल्या कॅसेटवर आहे?"

"कुठल्याच नाही," टिटवी म्हणाली. "तिथपर्यंत आई पोचलीच नाही."

फौजदारांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि ते बाहेर पडले.

४

शनिवारी सकाळी ते क्लासवर गेले. एका दुकानावरची लांबट खोली, बाकं, फळा, कोपऱ्यात टेबलावर मोठा टेपरेकॉर्डर. सर फळा पुसत होते.

"गुरुवारी दुपारी? मी इथेच होतो. चाळीस पोरांसमोर घसा फोडत होतो. त्यांच्यातल्या निम्म्यांनी ऐकलं नसेल, पण बघितलं सगळ्यांनी."

"बाईंच्या कॅसेट तुम्ही मागितल्या होत्या, असं टिटवी म्हणाली."

"मागितल्या होत्या. लपवायचं काय त्यात? फार स्पष्ट वाचायच्या. टिटवी नाही म्हणाली, विषय संपला." त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "खरं सांगू? मला त्या पोरीची काळजी वाटते. दुसऱ्या कुणाचा आवाज लावला की ती ऐकतच नाही. एक वाक्य सुटलं की मागे घ्यायला हात जातो तिचा. परीक्षेत मागे घेता येत नाही हो."

फौजदार कोपऱ्यातल्या कॅसेटच्या खोक्यापाशी गेले. एक उचलली. पाठीच्या कडेला एका टोकाला बारीक चौकोनी भोक होतं.

"हे काय?"

"तिथे प्लॅस्टिकची टिकली असते. मोडून टाकायची. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. माझ्या धड्यावर कार्ट्यांनी गाणी टेप केली होती, तेव्हापासून मी सगळ्या मोडतो. बाईंनाही मीच सांगितलं होतं. प्रत्येक बाजूची टिकली वेगळी. ज्या बाजूला धडा, तिचीच त्या मोडायच्या. कोरी बाजू तशीच ठेवायच्या."

"आणि मोडलेल्या बाजूवर कोणाला पुन्हा टेप करायचं असेल तर?"

"सोपं आहे. भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा. कुठल्याही रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारा."

फौजदार खोक्याशेजारी बाकावर बसले. आपली बायको फोन उचलल्यावर पहिला शब्द कसा म्हणायची, ते त्यांना आठवत होतं का? शब्द आठवत होता. आवाज आठवत नव्हता.

"काय झालं, साहेब? चोर कळला?"

"कळला," फौजदार म्हणाले. "नसता कळला तर बरं झालं असतं."

५

छापखान्याच्या मागच्या खोलीत खळीचा वास होता. भिंतीशी कागदाच्या थप्प्या, मध्ये लोखंडी दाबयंत्र. बाइंडर एका पुस्तकाच्या पाठीला कापड लावत होते. फौजदारांनी आधी टेबलाची कड पाहिली. कापडाच्या पट्ट्या आधीच कापून, ओळीने कडेला चिकटवून ठेवल्या होत्या. एक लागली की दुसरी हाताशी.

"सवय चांगली आहे," फौजदार म्हणाले. "घरीही अशीच करता का?"

बाइंडरांचा हात थांबला.

"बसा, साहेब," ते शेवटी म्हणाले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी त्यांनी दार ओढून घेतलं.

"मी सांगतो, तुम्ही फक्त चुकलं तिथे टोका," फौजदार म्हणाले. "गुरुवारी दुपारी तुम्ही घरी गेलात. आजींनी दार उघडलं नाही, म्हणजे येणाऱ्याकडे किल्ली होती. किल्ली दोघांकडे. टिटवी क्लासवर होती. आतून इंग्रजीत बोलणारा माणूस मास्तर नव्हता. आजींनी जावयाचा आवाज आयुष्यभर आपल्या भाषेत ऐकला. परक्या भाषेत तुम्ही अडखळलात, आणि त्यांना परकेच वाटलात. तुम्ही मधमाश्यांचा धडा वाचत होतात. बाईंचा राहिलेला धडा तुम्हाला पुरा करायचा होता."

बाइंडर खाली बघत होते. खळीचा ब्रश त्यांच्या हातात तसाच होता.

"आश्चर्याचा धक्का द्यायचा होता तिला," ते म्हणाले. घसा अजून बसलेलाच होता. "दीपगृहाची कॅसेट संपली की ती उलटून लावेल आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुढचा धडा निघेल. बाईच्या पाठीमागे माझा. मला धड इंग्रजी येत नाही, साहेब. पण आठवडाभर घोकत होतो. छापखान्यात, जिन्यात, न्हाणीत. घसाच बसला."

"आणि बाजू चुकली."

"अक्षरं पुसली होती ना. मी आपली एक बाजू वर करून घातली. रेकॉर्डचं बटण दाबलं, तर दबेना. परत दाबलं. हटूनच बसलं होतं. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग आठवलं, इथला एक पोऱ्या म्हणाला होता, भोकावर सेलोटेप लाव, होतं. कापले तीन तुकडे. एक लावला." त्यांचा आवाज फाटला. "बटण दबलं. मला किती आनंद झाला होता, साहेब."

फौजदारांनी स्टूल जवळ ओढून घेतलं.

"सगळं वाचून झालं. मागे घेऊन ऐकायला लावलं. माझा आवाज आला. मी म्हटलं, बरा आलाय. आणि माझा आवाज संपला, तेवढ्यात ती बोलली. अर्ध्या वाक्यातून. बंदच केलं मी." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "ते बटण दबत नव्हतं ना, तो तिचाच हात होता. ती मला अडवत होती. आयुष्यभर ती अडवायची आणि मी थांबायचो. त्या दिवशी थांबलो नाही."

त्यांनी दाबयंत्राखालच्या खणातून कापडात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"पोरीला काय सांगू? तिची आई मी दुसऱ्यांदा घालवली?"

फौजदारांनी कॅसेट हातात घेतली, भोकावरचा सेलोटेपचा नेटका चौकोन पाहिला. मग डोळे बारीक केले.

"बाइंडर, बाई उतारा दोनदा वाचायच्या. तुम्ही किती वेळा वाचलात?"

"एकदाच. तोही जीव जाईतोवर."

"मग तुमच्यानंतर पुढे काय आहे, ते तुम्ही ऐकलंत का?"

बाइंडरांनी मान वर केली. "नाही. हिंमतच झाली नाही."

"मग उठा. कोट घाला."

६

संध्याकाळी टेबलाभोवती सगळे बसले. टिटवी, आजी खाटेवरून धरून आणलेली, बाइंडर दाराला टेकून. फौजदारांनी काय झालं ते बाइंडरांच्या देखत सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

टिटवी बापाकडे बघत राहिली. चेहरा दगडासारखा झाला होता.

"एक अट आहे," फौजदार म्हणाले. "एकदाच लावायची. मागे घ्यायची नाही. उद्यासारखं."

टिटवीने कॅसेट घातली, पहिल्यापर्यंत गुंडाळून घेतली. बटण दाबलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एक माणूस इंग्रजीत बोलू लागला. एकेक शब्द वीट ठेवावी तसा ठेवत. मधमाश्या पोळं कसं बांधतात. राणी माशी काय करते. मध्येच घसा खाकरणं, मध्येच पान उलटल्याची सळसळ.

"अगं बाई!" आजी म्हणाली. "हाच तो मास्तर!"

कोणी हसलं नाही. टिटवीच्या ओठांचा कोपरा मात्र हलला.

धडा संपला. बटणाचा खटका वाजला, आणि पुढच्याच क्षणी बाईंचा आवाज आला. वाक्याच्या मधूनच. स्पष्ट, किंचित दमलेला, शाळेतल्यासारखा. दीपगृहाचा रखवालदार जिना दिवसातून किती वेळा चढे? त्याने बोट का परत पाठवली? एकामागून एक प्रश्न. मधमाश्यांचा उतारा बापाने वाचला होता आणि दीपगृहाचे प्रश्न आई विचारत होती. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता.

टिटवी हसायला लागली. हसता हसता तोंडावर हात दाबून रडायला लागली. हात बटणाकडे गेला, अडला, मागे आला. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

प्रश्न संपले. टेपवर खोकला आला, लांब, कोरडा. मग बाई आपल्या भाषेत म्हणाल्या, "झालं. आता दिवा घालव. पुस्तक उशीला घेऊन झोपू नकोस, मान धरते. आणि बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय."

मग नुसती खरखर.

बाइंडर दाराशी खाली बसले. आजी काळोखाकडे बघावं तशी टेपकडे बघत होती.

टिटवी उठली आणि कॅसेट बाहेर काढली. भोकावरचा सेलोटेप नखाने उचकटून हळूच सोलून काढला, गोळी करून खिडकीबाहेर टाकला.

"आता ही बाजू कोणालाच पुसता येणार नाही," ती म्हणाली. "दोघांनाही."

मग ती फळीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि हॉल तिकीट खाली काढलं.

७

रविवारी सकाळी बाइंडर आणि फौजदार तिला परीक्षेच्या इमारतीपर्यंत सोडायला गेले. दारात ओळखपत्र तपासत होते. ओळीत ढापणी पुढे उभी राहून हात हलवत होती.

"बाबा, एक काम करा," टिटवी म्हणाली. "मी आत आहे तोवर घरी जा. मागची बाजू कोरी आहे. पुढचा धडा वाचा."

"मी? परत?"

"तिकडे मला काहीतरी ऐकायला लागेल ना. फक्त श्वास घेत जा. राणी माशी तुम्ही जवळजवळ मारलीच होती."

ती आत गेली. मागे वळून बघितलं नाही.

दोघे घरी परतले. बाइंडरांनी पुस्तक उघडलं, कॅसेट हातात घेतली, उलटी केली, परत उलटी केली. फौजदारांना दाखवली. "हीच ना कोरी?"

फौजदारांनी बोट फिरवलं. या बाजूची टिकली शाबूत होती.

"हीच."

"साहेब, तुम्ही बसा. मला धीर येईल." आणि मग बाइंडरांनी जरा थांबून विचारलं, "काकूंचा आवाज आहे का हो तुमच्याकडे कुठे?"

"नाही. तेव्हा कुणाला सुचलं नाही."

"काय म्हणायच्या त्या?"

फौजदारांनी आठवायचा प्रयत्न केला. "कुकरची शिट्टी झाली की म्हणायची, 'अहो, मी आहे ना, तुम्ही नका उठू.'"

ते वाक्य खोलीत कितीतरी वेळ राहिलं. बाहेरच्या खाटेवरून आजीचा आवाज आला, "मास्तर, वाचा की आता. हळू वाचा."

बाइंडरांनी कॅसेट घातली. रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून क्षणभर थांबले, कोणी अडवतंय का ते बघायला.

कोणी अडवलं नाही. बटण खाली गेलं.